आई मध वाळवतेय

प्रिय ललित,

हे पत्र कुरिअरनं येईल आणि तू सही केल्याशिवाय तो माणूस ते तुझ्या हातात देणार नाही. मुद्दामच तसं करतेय. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढं काही नाही. आता पुण्यात तुझ्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कसा चुकवतोस ते बघते. लहानपणी मार चुकवायला तू केळीच्या बागेत शिरायचास आणि मी कान धरून तुला घडांखालून बाहेर काढायची. तुझी खोड गेलेली नाही आणि माझीही नाही. रागावू नकोस. वर्षभरानं बोलतेय तुझ्याशी, पहिल्याच ओळीत टोमणा मारल्याशिवाय मला पुढं लिहिताच आलं नसतं.

यंदा ऊन फार लवकर पेटलं. दीपनगरला आमच्या क्वार्टरमध्ये एसी आहे म्हणून निभतं, नाहीतर प्लँटवरून आल्यावर ह्यांना घासही गिळवत नाही. पण मी तिथं नाही. भूमिकाला तिच्या बाबांजवळ ठेवलं आणि मी एकटीच आले, तेव्हापासून इथंच, गावी आहे. कारण आई मध वाळवतेय. मधल्या खोलीत, आबांच्या त्याच परातींमध्ये, दोन्ही बाजूंची दारं-खिडक्या सताड उघडी टाकून, कूलर बंद ठेवून. सकाळी बसते ती ऊन उतरेपर्यंत. तिचे ओठ फुटलेत, पायांना गोळे येतात, परवा उठताना तिचा तोल गेला आणि भिंत हाताशी होती म्हणून पडली नाही. यावलचे डॉक्टर घरी येऊन तिला तपासून गेले. जाताना मला ओट्यावर बोलावलं आणि म्हणाले, ‘ताई, यांना या खोलीतून उठवा. नाही उठवलं तर गेल्या वर्षीसारखंच होईल.’ मी तेव्हापासून तिला उठवायचाच प्रयत्न करतेय. तुला वाटेल मध तुझ्यासाठी चाललाय. तू यंदा मध मागितलेलाच नाहीस, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

तुला आठवतं का रे, हे सगळं आईच्या ज्वारीच्या पापडांपासून, बिबड्यांपासून सुरू झालं? आपल्या मधमाश्यांच्या पेट्यांचा मध पहिल्यापासूनच पातळ. चहूकडे केळी, ठिबकचं पाणी, बागेत शिरलं की अंगाला ओल लागते. तिथल्या माश्यांनी तरी मध किती सुकवायचा? दुसरीकडचे लोक थांबतात. माश्या पंखांनी वारा घालून मध आटवतात, मेणाचं झाकण लावतात आणि मग माणूस हात घालतो. आपल्याकडे थांबायची सोय नाही, चैत्र लागला की उन्हानं पोळी मऊ होऊन पेटीतच खाली बसतात. म्हणून झाकण लागायच्या आधीच मध काढायचा, आणि काढला की त्यात पाणी जास्त. तो पहिला मध तू किती कौतुकानं पुण्याला नेला होतास! लेबलवर आबांचं नाव छापलं होतंस. पावसाळ्यात दुकानदाराचा फोन आला की बाटल्या फसफसतायत, झाकणं उडतायत, आंबूस वास सुटलाय. सगळा माल परत आला. आबांनी एक बाटली उघडली, बोट बुडवून चाटलं आणि शेतात निघून गेले. माझं नाव लावून लोकांना नासका मध विकला, हे त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. आपण दोघं नंतर त्यावर हसायचो, ते कधी हसले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आई घराच्या धाब्यावर उन्हात बिबडे घालत होती. सकाळी घातलेले दुपारी खडखडीत वाळलेले बघून आबा म्हणाले, ‘बिबडे वायतात, त मध काऊन नही वायनार?’ आई हसली होती. पण आबा दुसऱ्याच दिवशी यावलला हाशमभाईंच्या दुकानात जाऊन उभे राहिले. पत्र्याच्या कोठ्या आणि पेट्या बनवण्यात हाशमभाईंचा जन्म गेलेला. त्यांनी कमी काठाच्या, रुंद पराती मागितलेल्या ऐकल्या आणि म्हणाले, ‘भाऊ, यंदा मध वाळवताय, पुढच्या वर्षी दूध वाळवाल!’ पण पराती अशा बनवून दिल्या की अजून एकीलाही डाग नाही. त्यात दोन बोटं मध ओतायचा, वर मलमलीचं कापड ताणायचं आणि आपल्या खानदेशाची झळ खोलीतून आरपार जाऊ द्यायची. झळ मधातलं पाणी ओढून घेते. वर साय धरायला लागली की लाकडी पळीनं ढवळायचं, नाहीतर वरचा मध सुकतो आणि खालचा तसाच राहतो. म्हणून कुणीतरी सारखं जवळ बसावं लागतं.

सगळं गाव आबांची टिंगल करायचं. शेजारचे भिकननाना पारावर बसून म्हणायचे, ‘बठ्ठं गाव दारं लावून कूलरपुढं बसते, न् आमचा जीवराम लूच्या झळीले घरात बोलावते!’ पण मध घट्ट झाला. तू ती छोटी दुर्बीण आणून दिलीस, मधाचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरायची, की मधात किती टक्के पाणी आहे तो आकडा दिसतो. आबा एक डोळा मिटून त्यातून बघायचे आणि आकडा सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आईचा त्या दुर्बिणीवर कधी विश्वास बसला नाही. ती बाटली उलटी करून आतला बुडबुडा किती सावकाश वर चढतो ते बघायची. दोघांचं उत्तर एकच आलं की त्या दिवशी जेवणात गोड असायचं. आपल्या घरातले ते चांगले उन्हाळे होते, ललित. मला तर वाटतं, आबांना मधापेक्षा तुझ्या फोनचीच जास्त गोडी होती. रोज संध्याकाळी तू विचारायचास, आबा आज किती, आणि ते सांगायचे. त्याआधी तुमचं दोघांचं बोलणं ‘जेवलास का’च्या पुढं कधी गेलं होतं का, सांग बरं.

आता गेल्या वर्षीचं लिहिते. तू वाचायचं थांबवू नकोस.

तुला मोठी मागणी आली होती. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं तुझं झालं होतं. बाटलीत पुन्हा फेस आला तर कायमचं संपलं, असं तू मलाही दोनदा बोललास. बरोबर होतं तुझं. आबांना हिवाळ्यात तो अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा पाय ओढत चालायचे, तरी ढवळायला तेच बसले. एकदा आईनं दुपारी त्यांची दया येऊन कूलर लावला. संध्याकाळी दुर्बिणीत आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला. कूलरच्या हवेतली ओल मध पिऊन घेतो, सगळ्या दिवसाची मेहनत वाया. तुला फोनवर ते कळलं आणि तू म्हणालास, ‘आबा, अठराच्या खाली येईपर्यंत कूलर लावू नका, काही झालं तरी.’ मी तेव्हा इथं नव्हते, आईनं मला हे नंतर सांगितलं, पण शब्द तुझेच आहेत. आपण दिवसातून दहादा म्हणतो असं, काही झालं तरी उद्या ये, काही झालं तरी औषध घे. पण आबांना कुणी जबाबदारी दिली की ते अक्षराला अक्षर धरणारे. आपल्या घरात एकच कूलर, तो मधल्या खोलीच्या खिडकीत, त्याच्याच वाऱ्यावर पुढची-मागची खोली थंड होते. तो बंद म्हणजे सगळं घर बंद. भिकननाना दोनदा सांगायला आले, माझ्या घरी येऊन पड, ढवळायला मी पोरगं पाठवतो. आबा म्हणाले, मध दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

त्या दुपारी आई भिकननानांकडे ताक आणायला गेली होती. परत आली तर आबा भिंतीला टेकून बसलेले, पळी परातीत तशीच उभी. तिला वाटलं डुलकी लागली. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. टेंपोत घालून यावलला नेताना ती त्यांच्या तोंडावर ताक शिंपडत राहिली, हाताशी दुसरं काहीच नव्हतं. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं. हे तू तेराव्यापर्यंत कुणालाच विचारलं नाहीस, म्हणून सांगतेय. तुला माहीत असायला हवं.

आणि मग तो मध. आपल्याकडे उन्हाळ्यात कुणी गेलं की शेजारी सतरंज्या आणतात, पाण्याचे जार आणतात आणि बसायला आलेल्यांसाठी आपापले कूलर आणून लावतात. किती मायेनं आणले होते लोकांनी! भिकननानांनी तर स्वतःच्या आजारी बायकोपुढचा कूलर उचलून आणला. मधल्या खोलीत बायका बसल्या होत्या, पराती भिंतीशी कापडाखाली होत्या, त्यांच्याकडे बघायला कुणाला सुचणार? दिवसरात्र कूलर चालले. दहाव्याच्या सुमारास वास यायला लागला. मला आधी वाटलं, पिठलं आंबलंय. आईनं कापड उचललं तर सगळ्या परातींवर फेस. ज्याच्यासाठी आबांनी कूलर लावू दिला नाही, तो मध त्यांच्याच सुतकात कूलरनं नासला. मी तेव्हा रडले नाही, मला चक्क हसू आलं, आणि त्या हसण्याची मला अजून भीती वाटते.

तेराव्याचं जेवण झालं आणि तू एकेक परात उचलून बागेत नेलीस आणि केळीच्या आळ्यात उपडी केलीस. आपल्याच पेट्यांमधल्या माश्या दिवसभर त्यावर घोंघावत होत्या. संध्याकाळच्या गाडीनं तू गेलास. जाताना ओट्यावर चपला घालत माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘अक्का, आबांना मी मारलं.’ मी काही बोलायच्या आत तू फाटकाबाहेर होतास. तुला पाठमोरं बघताना मला तुझा राग आला होता, दया नाही. आई आतून तुला परात उपडी करताना बघत होती, हे तुला माहीत नाही. ती खिडकीचा गज धरून उभी होती.

तुझा काही दोष नाही, असं लिहावं म्हणून मी कितीतरी वेळा बसले आणि कागद फाडला. ते सोपं आहे आणि पूर्ण खरं नाही. तू मधाचं बोलत होतास, तापमान काय आहे ते तुला पुण्यात बसून दिसत नव्हतं, पण विचारता आलं असतं. मलाही विचारता आलं असतं. आबांना उठता आलं असतं, आईला हट्ट धरता आला असता. आता कुणाच्या वाट्याला किती येतो ते वाटत बसायचं का? मला तू हवा आहेस, दोषासकट. माणूस गेला त्याचं दुःख आहेच, पण त्याच्या पाठोपाठ तू जिवंतपणी गेलास, हे मला सहन होत नाही. आईला तर नाहीच होत, फक्त ती तसं बोलत नाही.

यंदा मी तिला सांगितलं होतं, पेट्या देऊन टाक कुणाला तरी. तिनं ऐकून घेतलं आणि भिकननानांना हाताशी धरून मध काढून घेतला. मला कळलं तेव्हा पराती भरलेल्या होत्या. मी आले, भांडले. दीपनगरला चल म्हटलं, तर म्हणते तिथली हवा डब्यातली आहे. ह्यांनी फोन करून विनवलं, भूमिकानं रडून पाहिलं. मी कूलर लावला की ती उठते आणि बटण बंद करून परत बसते. एकदा मी दारं लावून घेतली, तर तिनं ती एकेक करून उघडली, तेवढ्यानंच तिला धाप लागली. मी ओरडले, ‘कुणासाठी करतेयस हे? कुणी मागितलाय मध?’ तर म्हणाली, ‘त्याईचं काम अर्धं राह्यलं. ललितनं मनाई केली होती, अजून त्यानं कूलर लाव म्हनून कुठी सांगितलं?’ ती भ्रमात नाही, ललित. व्यवहाराचं सगळं नीट बोलते, दूधवाल्याशी घासाघीस करते. पण तिच्या हिशेबी घरातला शेवटचा हुकूम तुझा आहे आणि तो तू अजून मागे घेतलेला नाहीस. आणि मध चांगला उतरला की तू न्यायला येशील, हेही तिच्या मनात आहे. तसं ती म्हणाली नाही. पण तुझा जुना बिछाना तिनं उन्हात घालून ठेवलाय.

हे पत्र का लिहिलं, ते आता सांगते. काल सकाळी आई न्हाणीत होती तेव्हा मी मधल्या खोलीत गेले आणि प्रत्येक परातीत तांब्याभर पाणी ओतलं. ढवळून एकजीव केलं. दोनच दिवसांत आकडा उतरला असता, इतका सुरेख मध झाला होता. मला वाटलं, एकदा तो नासला की तिला बसायला कारण उरणार नाही. शिव्या देईल, रडेल, पण उठेल. ती आली, पळी उचलून धार पाहिली. पाण्यासारखी धार. माझ्या हातात तांब्या होताच. तिनं तांब्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, खाली बसली आणि म्हणाली, ‘आता जास्त दिवस लागतीन.’ आणि ढवळायला लागली. ललित, मी तिला वाचवायला गेले आणि तिचे त्या खोलीतले दिवस वाढवून ठेवले. माझ्या हातात आता काही उरलं नाही. आबांनी तुझं ऐकलं, ती अजून ऐकतेय. फोन करू नकोस, फोनवर तिला वाटेल मीच तुला पढवलं. ये. पत्र मिळेल त्याच दिवशी जी गाडी मिळेल ती धर. आल्यावर माझ्याशी बोलायला थांबू नकोस, हातपायसुद्धा धुऊ नकोस. सरळ मधल्या खोलीत जा आणि तुझ्या हातानं कूलर लाव. तू लावलेला ती बंद करणार नाही. टाकी मी भरून ठेवलीय.

वाट बघणारी, तुझीच,
अक्का
(दिपमाला)